पहिल्याच चावीला

पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली आणि घरापुढच्या खळ्यात उभ्या असलेल्या संचिताचा जीव भांड्यात पडला. तिचा नवरा सिद्धेश जहाजावरून सुट्टीला सकाळीच आचऱ्यात पोचला होता, आणि चहाच्या आधी त्याने गाडीची चावी मागितली होती.

"बरी ठेवलंस गो बॅटरी," इंजिन बंद करत तो म्हणाला.

मागच्या सुट्टीत गाडी नुसतीच घुरघुरली होती. तेव्हा त्याने संचिताची बोटं धरून वरून बॉनेट आपटलं होतं. दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत. सासूने हळद लावली आणि वर सांगितलं, "घोव रागान मारता, पण आपल्यासाठी दर्यावर राबता पण तोच मगे!" अशी हळद वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये.

जाताना सिद्धेशचा हुकूम होता: दर रविवारी उभ्या जागी इंजिन चालू करायचं, व्हिडिओ पाठवायचा, गाडी हलवायची नाही. बायकोने स्टिअरिंगला हात लावलेला त्याला खपत नसे. संचिताने सगळं निमूट पाळलं. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुरी चढे, ती गरम पाण्याने धुवायची, कोरडी करून व्हॅसलीन लावायची. तरी पावसाळ्यात गाडी पुन्हा घुरघुरायला लागली. ती घाबरून गॅरेजवाल्या सत्यवानकडे धावली.

"वयनी, उभी ठेवन धडधडवन काय व्हना नाय," तो म्हणाला. "बॅटरी भरूक गाडी फिरवक होयी. नायतर ही मरतली."

ही मेली तर आपलीही धडगत नाही, हे संचिताला कळत होतं. शेजारच्या भक्तीने तिला गाडी शिकवली. सासू देवळात गेली की दोघी निघत. पुढे पुढे ती एकटीच जाऊ लागली. येताना गुणगुणायचीसुद्धा. या घरात तिला कुणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

सिद्धेशने खिशातून फोन काढला. जाताना त्याने मीटरचा फोटो काढून ठेवला होता, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने फोटो बघितला, मग मीटर बघितला.

"गाडी कोणी चलवल्यान?"

"मिया."

"खंय गेल्लंस? कोणाक भेटूक?"

"कोणाक नाय. बॅटरीसाठी..."

पहिली थप्पड कानावर बसली, दुसरीने ओठ फुटला. मग त्याने केस धरून तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. "रे, लोक बघतत," एवढंच सासू म्हणत राहिली. शेजारचा दाजी जाळं विणायचं टाकून कुंपणावरून ओरडला, "सोड तिका, मेल्या!"

सिद्धेशने तिला सोडलं ते पहार उचलायला. त्याने बॉनेट उघडलं.

"बॅटरीसाठी मगे? ही बघ तुझी बॅटरी!"

"पहार घालू नकात! आताच इंजिन चालला, आत ग्यास आसता!"

बायकोचं ऐकेल तो सिद्धेश कसला! पहार दोन्ही टोकांवर आडवी बसली. ठिणगी उडाली आणि जत्रेतलं गरनाळ फुटावं तसा आवाज झाला. अॅसिड त्याच्या तोंडावर उडालं.

"डोळे गेले गो माझे!"

संचिता जागची हलली नाही. खोटं कशाला सांगा, तिला क्षणभर बरं वाटलं. मग तिनेच त्याला विहिरीवर ओढत नेलं, मानगूट धरून वाकवलं आणि डोळ्यांवर कळशीमागून कळशी ओतली. मानगुटीवरची पकड काही तिने सैल ठेवली नाही.

रुग्णवाहिका यायला बराच वेळ लागणार होता. घरात गाडी होती, गाडी चालवणारी होती, फक्त बॅटरी नव्हती.

"दाजीनू, तुमच्या होडयेची बॅटरी द्या," ती म्हणाली.

दाजीने ती उचलून आणली. संचिताने सांडलेल्या अॅसिडवर खाण्याचा सोडा टाकला, पाणी मारलं, जुन्या बॅटरीची शकलं गोणपाटाने धरून बाहेर काढली. आधी लाल वायर जोडली, मग काळी. होडीची बॅटरी मापाला लहान, म्हणून दाजीने जाळ्याच्या दोरीने ती आवळून बांधली. मागच्या सीटवर सिद्धेश डोळ्यांवर ओला फडका धरून आईच्या मांडीवर पडला होता.

"कोण चलवता?" गाडी सुटल्यावर त्याने विचारलं.

संचिताने गिअर बदलला.

ओरोसच्या इस्पितळात त्याला लगेच आत नेलं. सासूने संचिताचा दंड धरला. "बॅटरी आपोआप फुटली म्हणान सांग. घरातला घरात ऱ्हवांदे."

संचिताने दंड सोडवून घेतला आणि ती टेबलाशी गेली.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"नवऱ्याने मला मारलं. मग पहारीने गाडीची बॅटरी फोडली, तेव्हा अॅसिड त्याच्या डोळ्यांत गेलं. दोन्ही लिहा."

सिस्टरने तिच्या फुटलेल्या ओठाकडे आणि केसांत सुकलेल्या रक्ताकडे पाहिलं. "पोलिसांना कळवावं लागेल, बरं का."

"कळवा."

सिस्टरने कागद पुढे ओढला. "पेशंटचं नाव?"

"संचिता," ती म्हणाली.