चपला फिरून आल्या

"आता म्हातारी," काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा आमचा दाढी म्हणाला. "घरातली, साधी. ती झाली की सुट्टी."

चार दिवस मी चालत होतो. वाळूवर, फरशीवर, लाकडी जिन्यावर, पाणी शिंपडलेल्या सिमेंटवर. पोलीस चालला, नवरी चालली, दारुडा चालला, खुनीसुद्धा चालला, आणि हे सगळे मीच. पडद्यावर माणसं चालताना जे पाय ऐकू येतात ते त्यांचे नसतात. कुणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, त्यांच्याऐवजी चालत असतो. आमच्या स्टुडिओत एकतीस वर्षं तो कुणीतरी म्हणजे मी. माझं खरं नाव तिथं कुणाला आठवत नाही. सगळे मला पावले म्हणतात.

या वेळी मात्र समोरचा पडदा कोरा होता. नव्या मॅनेजरनं सांगितलं होतं, "तुमचे सगळे आवाज एकदा कॉम्प्युटरला शिकवून ठेवायचेत." मी मूर्ख हुरळलो. शिकवायचं म्हणजे मास्तर झालो की! दाढी तेव्हा मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला होता. वीस वर्षांची आमची दोस्ती.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे यंत्र शिकलं, की माझं काय? मग ठरवलं, असं काहीतरी करून दाखवायचं की यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. या माणसाला सोडून चालणार नाही, असं त्यांनीच म्हटलं पाहिजे. चौथ्या दिवशी निघताना मी बायकोच्या चपला पिशवीत टाकल्या.

"अहो, माझ्या कशाला?" खाटेवरून तिनं विचारलं.

"तुझं काय अडणार आहे त्यांच्यावाचून?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. लकव्यानं ती अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती.

ती हसली. "न्या, न्या. तेवढ्याच फिरून येतील."

तिचा डावा पाय लहानपणी मोडला होता. उजवा पडायचा टप्, डावा यायचा सर्र करत, आणि मागून चपलेची टाच चट्. खोलीच्या उंबरठ्याशी ती क्षणभर थांबायची, डावा पाय उचलायला. एवढी वर्षं मी शेकडो बायका चाललो, पण ही चाल कधी कामात काढली नाही. घरातली वस्तू घरात राहू दे, असं वाटायचं.

त्या दिवशी काढली. माझ्या टाचा तिच्या चपलांबाहेर लोंबत होत्या, तरी चाललो. टप्, सर्र, चट्. मग थांबलो, आणि पाय उचलला.

काचेपलीकडे मॅनेजर उभाच राहिला. "वा! काका, कमाल!"

दाढीनं कानावरचे हेडफोन काढले. माझ्या घरी तो कितीदा जेवलाय. माईकवर हळूच म्हणाला, "पावले, ही वहिनी ना? पुसून टाकू? अजून वेळ आहे."

"खुळा आहेस का?" मी म्हणालो. "हेच तर ठेव."

त्यानंतर सात महिने फोन नाही. मी केला की, "सध्या काही नाही, काका." शेवटी स्वतः गेलो. माझ्या खोलीतली वाळूची पेटी गायब, खुर्च्यांची थप्पी छतापर्यंत. मी मॅनेजरचे हात धरले. "साहेब, एक सीन द्या. भिकाऱ्याचा द्या. नाहीतर नुसता दाराबाहेर बसतो, लागलं तर हाक मारा." या वयात परक्यासमोर रडलो. लाज सोडली म्हणा ना.

त्यानं मला पाणी दिलं. "काका, आता माणूस पडद्यावर चालला की पाय आपोआप लागतात. तुमचेच आहेत ते. तुम्ही कायम आमच्यात आहात."

असं शोकसभेत बोलतात. माझी बुटा-चपलांची ट्रंक दाढीनं स्वतः रस्त्यापर्यंत उचलून आणली.

परवा दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. तिला आतून सिरियल ऐकायला आवडतात. एकदम टप्, सर्र, चट्. हातातली चादर खाली पडली.

"अहो!" तिचा आवाज फाटला होता. "कोण चालतंय?"

"टीव्ही आहे गं."

"खोटं बोलू नका. मी चालतेय!"

धावत बाहेरच्या खोलीत आलो. पडद्यावर कुठलीशी श्रीमंत सासू जिना उतरत होती, धडधाकट, दोन्ही पाय सरळ. पाय वाजत होते माझ्या बायकोचे. मी टीव्ही बंद केला आणि आत जाऊन तिच्या उशाशी बसलो.

"मीच दिली तुझी चाल," मी म्हणालो. "वाटलं, ठेवतील मला. चुकलो गं."

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तुम्ही चालून दाखवा. तुमच्या पायांतून ऐकायचीय मला."

मी चपला घातल्या आणि स्वयंपाकघरापासून निघालो. सात महिन्यांत गुडघा धरलाय. उजवा जमला, डावा फरफटला. उंबरठ्यावरून तसाच आत आलो.

"थांबायचं राहिलं," ती म्हणाली.

परत गेलो. या वेळी थांबलो, पण टाच वाजलीच नाही. तिसऱ्यांदा तोल गेला आणि दाराची चौकट धरून उभा राहिलो. एकतीस वर्षं! आणि घरातलं एक माणूस मला चालता येईना.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दमलात तुम्ही. टीव्ही लावा."

मी टीव्ही लावला. चपला काढून तिच्या खाटेखाली ठेवल्या, ती ठेवायची तशा, दाराकडे तोंड करून. बाहेर जाहिराती संपल्या. टप्, सर्र, चट्. चादरीवर तिच्या चांगल्या हाताची बोटं त्याच तालात हलू लागली. पावलं जवळ आली, आणि क्षणभर थांबली.

आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.