चार दारांची खोली

"दारं किती ठेवलीस म्हणालीस?"

"चार."

"चोर मोजून बोलावलेत वाटतं!"

बुरुल हसली. झुराकानला हसू आलं नाही. बिश्केकमधल्या बंद पडलेल्या शिवणकारखान्यात तिच्या या लेकीनं जाड लोकरी नमद्यांची ही गोल खोली उभी केली होती. आज ती लोकांना पहिल्यांदाच दाखवायची होती.

लेक वास्तुतज्ज्ञ. पन्नाशी उलटली, पण माणसांनी राहावं असं एकही घर तिच्या हातून झालं नव्हतं. एकदा बोरूंचा मनोरा केला, तो वारा सुटला की शीळ घालायचा. एकदा जिना केला, तो कुठंच जात नव्हता. मधल्या काळात दुसऱ्यांची असलीच खुळं गोळा करून गावोगाव मांडली. "लेक काय बांधते हो?" असं शेजारणींनी विचारलं की झुराकान म्हणे, "परदेशात मान आहे तिला," आणि विषयावर झाकण ठेवी.

आता ती खोलीत मान वळवून वळवून बघत होती. काहीतरी चुकत होतं.

"अगं, पण तोर कुठाय?"

दारासमोरची, दारापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे तोर. तिथं थोरांनीच बसायचं. झुराकाननं सून म्हणून आल्यापासून अर्धं आयुष्य दाराशी बसून चहा ओतला होता. सासू गेली, नवरा गेला, तेव्हा कुठं ती जागा तिच्याकडे आली.

"तोर नाहीच," बुरुल म्हणाली. "चारी बाजूंना दार, मग लांबची जागा उरेल कुठून? बघायचंय मला, लोक काय करतात."

"माझी बसायची वेळ आली, आणि पोटच्या पोरीनं जागाच उडवली! वा गं!"

पाहुणे आले. आत शिरले आणि तिथंच थबकले. शेजारचे पांढऱ्या दाढीचे मोलदोके छातीवर हात ठेवून म्हणाले, "आपा, तुम्ही वर सरका." आपा म्हणजे आई; थोरल्या बाईला सगळेच तसं म्हणत.

"वर म्हणजे कुठं, ते तुम्हीच दाखवा."

मोलदोके एक गिरकी घेऊन परत होते तिथंच आले. बायका एकमेकींना पुढं ढकलू लागल्या. झुराकानची धाकटी सून चिनारा किटली घेऊन रडकुंडीला आली. "आपा, मी दाराशीच बसते हो. पण कुठल्या?"

बुरुल भिंतीला टेकून डोळे मोठे करून सगळं टिपत होती. झुराकानचं डोकं फिरलं. "चला, चहा घरीच घेऊ!" ती वळली तसे सगळेच वळले. थोर निघाले की मागं कोण राहतंय? खोली आता रिकामी होणार, हे बुरुललाही कळलं. तिचा चेहरा उतरला.

दारातून झुराकाननं विचारलं, "आणि तू गं? तू कुठं बसणार होतीस?"

"मी उभीच बरी."

"म्हणजे?"

"घरी तरी कुठं बसते मी, आपा?"

झुराकान दारातच थांबली. लेक म्हणजे पाहुणी, आज ना उद्या लग्न होऊन जायची. ही गेलीच नाही. भावाच्या घरात ती सून नव्हती, म्हणून दाराशी बसायची नाही. थोरलीही नव्हती, म्हणून तोरकडे जायची नाही. दर सणाला हातात ताटली घेऊन खिडकीशी उभी. झुराकानला इतकी वर्षं वाटत आलं होतं, पोरीला खोल्या बघायचा नाद आहे.

ती परत आत आली. गुडघ्यावर हात देत, कण्हत, पुढ्यात आला त्या नमद्यावर बसली. एक दार नेमकं पाठीशी होतं.

"उभी काय राहिलीस? टेक इथं. चिनारा, ओत गं. दाराचं काय घेऊन बसलीस, कुठंही बस."

बुरुल शेजारी टेकली. मग मोलदोके, मग बायका, जशी जागा मिळेल तसे सगळे बसले. कुणाचा गुडघा कुणाला लागला, कुणी हसलं.

"आपा," मोलदोके हळूच म्हणाले, "पाठीवर वारा येतोय तुमच्या. इकडं सरका."

"येऊ दे की," झुराकान म्हणाली, आणि रुमाल मानेवर नीट ओढून तिनं चहाची वाटी पुढं केली.