गनीभाईचा उजवा फरा

बोकडाचा पुढचा पाय धडाला कशानं जोडलेला असतो, ते गनीभाईला विचारा. हाडानं नाही! मागची रान, म्हणजे मांडी, उतरवायची तर खुब्याचा सांधा मोकळा करताना घाम फुटतो. फऱ्याचं, म्हणजे पुढच्या पायाचं, तसं नाही. बगलेतून सुरी घालायची, बरगड्यांवरून चपटी फिरवायची, की खांद्याच्या पात्याचं हाड, दंड, पाय असा सगळा फरा अलगद हातात येतो. मधे सांधा नाही, खुंटी नाही, नुसतं मांस. पारनेरच्या बाजारपेठेत गनीभाईनं उभा जन्म हेच केलं, आणि शेवटी हेच त्याच्या मानगुटीवर बसलं.

झालं असं. सोललेला बोकड उजव्या खांद्यावर टाकून दुकानात आणायचा आणि आकड्याला टांगायचा, हे त्याचं रोजचं. एका सकाळी तो हात खांद्याच्या वर जाईचना. दुखतोय म्हणावं तर फारसा दुखतही नव्हता. त्यानं डाव्या हातानं पाठ चाचपली. उजव्या खांद्याचं पातं पाठ सोडून वर आलं होतं. त्याच्या कडेखाली बोटं शिरत होती!

दुसरा कुणी असता तर त्यानं डॉक्टर गाठला असता. पण हा पडला मटणवाला. त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं, की आतलं मांस सुटत चाललंय, आपला फरा उतरायला लागलाय. एक हिसका बसला की हात बाहीसकट खाली. हसू नका. ज्यानं आयुष्यभर फरे उतरवलेत त्याला हे खरंच वाटतं, आणि रोज उतरवताना जास्तच खरं वाटतं. डॉक्टरकडे गेलो तर तो कापूनच टाकील, अशीही भीती होती. म्हणून त्यानं काय करावं? गेलेल्या बायकोची, जहिराची, जुनी ओढणी काढली आणि सदऱ्याच्या आतून छातीभोवती करकचून आवळली.

त्याच आठवड्यात त्याची एकुलती एक लेक इन्शा बाळंत झाली. ती शिर्डीहून माहेरी आली होती. ‘नातवंडाला पहिलं मी घेणार,’ असं हाच गावभर सांगत फिरला होता. नर्सनं नातीला, अफ्रीनला, पुढं केलं तेव्हा मात्र यानं दोन्ही हात मागं घेतले. पोर हातात असताना खांदा सुटला तर?

“हाताला मटणाचा वास हाय,” तो म्हणाला.

दुकानात तर रोजचीच परीक्षा. एकदा मच्छिंद्र आला, जुनं गिऱ्हाईक.

“गनीभाई, पाव्हणं आल्यात. फरा काढा, पर सबंध काढा.”

गनीभाईनं बगलेतून सुरी फिरवली. फरा सुटला आणि ओंडक्यावर थाडकन पडला. त्यानं सुरी टाकून उजवा दंड गच्च धरला.

“काय वो? भूत बघितल्यागत करताय!”

“काय न्हाई. पित्त झालंय,” गनीभाई म्हणाला आणि पुढचं मटण डाव्या हातानंच तोललं.

घरी इन्शा बघत होती. बाप पाळण्याजवळ येतो, वाकून बघतो आणि हात पाठीमागं धरतो.

“अब्बा, एकदा तरी घ्या ना हिला.”

“वास येतो गं हाताला.”

“मला वाढवलंत तेव्हा नव्हता येत?” ती म्हणाली. “मुलगी झाली म्हणूनच ना?”

अरे, बोल की आता! पण नाही. गनीभाईनं मान खाली घातली. खरं सांगितलं तर ते खरंच होईल, असं भ्यालेल्या माणसाला वाटतं. इन्शानं त्या गप्प बसण्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला. बाळंतपणाचं चाळिसाव्या दिवशीचं न्हाणं झाल्याबरोबर तिनं नवऱ्याला, फैयाजला, फोन केला. टेम्पो घेऊन ये म्हणाली, आणि मला पुन्हा या घरात आणू नकोस.

फैयाज आला त्या दुपारी गनीभाई नमाज पढत होता. त्याआधी हातपाय धुताना, वजू करताना, ओढणी सैल झाली होती. सजद्यात कपाळ जमिनीला टेकताना दोन्ही तळव्यांवर भार आला आणि पातळ सदऱ्याखाली उजवं पातं फळीसारखं उभं राहिलं. दारातल्या इन्शानं किंकाळीच फोडली. गनीभाईनं सलाम फेरून नमाज संपवला तेव्हा ती समोर येऊन बसली.

“अब्बा, हे काय आहे?”

मग त्याचा बांध फुटला. फरा, मांस, हिसका, सगळं सांगून तो लहान पोरासारखा रडला. इन्शानं सामान टेम्पोतच राहू दिलं आणि अफ्रीनला कुशीत घेऊन बापाला त्यातच नगरच्या दवाखान्यात आणलं.

फिजिओथेरपीच्या रेश्मा मॅडमनी सांगितलं, “भिंतीला तळवे टेका आणि ढकला.”

“नको मॅडम. सुटंल!”

त्यांनी त्याच्या डाव्या हाताचं बोट धरून गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या आडव्या हाडावर ठेवलं. “हे हाड बोकडात कधी पाहिलंत?”

गनीभाई विचारात पडला. कधीच नव्हतं पाहिलं.

“बोकडाला ते नसतं. तुमचा हात या हाडानं धडाला जोडलाय. आणि पात्याखाली एक स्नायू असतो, करवतीच्या दात्यांसारखा बरगड्यांना चिकटलेला. तो पातं पाठीशी धरून ठेवतो आणि हात वर जाताना ते फिरवतो. त्याची नस बहुतेक ओझ्यानं दुखावलीय. स्नायू सुटला नाही, लुळा पडलाय. आणि ही ओढणी आधी फेका. नस बगलेखालूनच उतरते, तिच्यावरच आवळलीत!”

“बरं व्हईल?”

“वर्षही लागेल, जास्तही. बऱ्याच जणांचं होतं. तुमचं होईलच असं छातीठोक नाही सांगत. बोकड खांद्यावर घ्यायचा नाही आता.”

“अन् पोर?” गनीभाईनं विचारलं. “पोर धरता यिल?”

“छातीशी धरायला दंडाची बेटकुळी लागते, छातीचे स्नायू लागतात. ते शाबूत आहेत. डोक्यावर उडवू नका, म्हणजे झालं.”

इन्शानं अफ्रीनला पुढं केलं. गनीभाईनं पोरीला घेतलं, छातीशी धरलं, आणि तिच्याकडं न बघता आपल्या उजव्या खांद्याकडंच बघत राहिला, आता सुटतो की मग सुटतो. खांदा जागचा हलला नाही.

“मला बोलला का नाहीत, अब्बा? मी कायमची चालले होते.”

“हात जाईल म्हणून भ्यालो गं,” तो म्हणाला. “तू चाललीस, ते दिसलंच न्हाई मला.”

पोरीच्या पाठीखाली धरलेला आपला हात इन्शानं काढला नाही. मॅडमचं सगळं ऐकूनही, बापाच्या हाताचा तिला अजून भरवसा वाटत नव्हता.