शाळेचा बोलका नमुना

जानी साहेबांच्या बोटांना तपकिरीचा वास यायचा. तीच बोटं ते आमच्या तोंडात घालायचे, जीभ दाबायचे. "क म्हण. क." दहा वर्षं तीच चव. हातांनी बोललो की पट्टी. अजून दात घासताना मला उलटी येते.

तरी नोकरी मागायला तिथेच गेलो. सौराष्ट्रातली ती आमची बहिऱ्यांची शाळा, जानी साहेब तिचे मुख्याध्यापक. वसतिगृहाला गृहपती, म्हणजे पोरांसोबत राहून त्यांना सांभाळणारा, हवा होता. चाळीस बहिरी पोरं आणि त्यांच्याशी हातांनी बोलणारं मोठं माणूस एकही नाही. मला ते व्हायचं होतं.

साहेबांनी कागदावर लिहिलं, "केयूर, वार्षिक दिनाला स्टेजवर बोलून दाखव. देणगीदार येतायत. मग नोकरी तुझी."

पार्थिव माझ्याच वर्गातला. बहिरा. हातांनी म्हणाला, "जा, पोपट! पेरू मिळेल."

"एकदाच बोलायचंय रे. मग रोज पोरांशी हातांनी बोलेन."

"तुझा आवाज माहितेय? माझी बहीण म्हणते, रेड्याला सर्दी झालीय."

"आणि तुझा?"

"मी काढतच नाही. फुकट कशाला ऐकवू?"

स्टेजवर साहेबांनी माइक धरला. मी बोललो, "माझं नाव केयूर. शाळेने मला माणूस केलं." वाक्य त्यांचंच. मला कसलं ऐकू येतंय, नुसता गळा थरथरला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर पदर धरला. रडत होत्या की हसत, काय माहीत. मग टाळ्या. मागे सतरंजीवर बसलेली वसतिगृहातली पोरं बघत होती. साहेबांनी मिठी मारली.

माणूस केलं म्हणे. आधी काय डुक्कर होतो? थू.

पण नोकरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गेलो. पोरं थेपले खात हातांनी गप्पा मारत होती. काय तो वेग! मी दारात दिसलो आणि सगळं थांबलं. चाळीस पोरांनी एकदम हात मांड्यांखाली घातले.

मी हातांनी म्हणालो, "अरे, मी बहिराच आहे. तुमच्यातलाच. बोला ना."

हात मांड्यांखालीच. पुढे हिरवा नावाची मुलगी बसलेली, आठ वर्षांची. तिला विचारलं, "तुझी खूण काय?" आमच्यात प्रत्येकाला दोस्तांनी दिलेली खूण असते, तेच खरं नाव. ते परक्याला सांगत नाहीत.

तिने ओठ ताणताणून हजेरीतलं नाव सांगितलं. घास तोंडातच होता. थेपल्याचा ओला तुकडा फ्रॉकवर पडला. तो उचलायलाही तिने हात बाहेर काढला नाही.