गुडघ्याला नऊ

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पेंटरने बसडेपोच्या वर्कशॉपमधला फळा ओल्या फडक्याने पुसला. पाळी सुरू व्हायला वीस मिनिटे होती आणि फळ्यासमोर चौदा माणसे उभी होती. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या गावाचा फुटबॉल संघ, गुणतक्त्यात शेवटून दुसरा, पहिल्या क्रमांकाच्या संघाला तीन-दोनने हरवून मोकळा झाला होता. रात्रभर झोपून उठल्यावरही कोणाला ते खरे वाटत नव्हते.

फळ्याची रीत जुनी होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे. ज्या आकड्याला जास्त हात वर होतील तो कायम, पुढच्या सामन्यापर्यंत पुसायचा नाही. लिहायचे पेंटरने, कारण गावात धावणाऱ्या प्रत्येक बसची पाटी एके काळी त्याच्याच हातची होती आणि शाळेतली पोरेसुद्धा ते अक्षर ओळखत. आता पाट्यांच्या जागी दिव्यांची अक्षरे आली होती. पेंटरकडे उरले होते आग विझवायच्या बादल्यांवरचे आकडे आणि हा फळा.

लिहिणाऱ्याने मत द्यायचे नाही आणि वादही घालायचा नाही, हा नियम त्याने स्वतःच केला होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा मुलगा संघाचा गोलरक्षक झाला, त्या आठवड्यात. लेकाचे गुण बापाने वाढवले, असे कुणी म्हणायला नको. तेव्हापासून एक नंबरपुढे त्याने चार लिहिले, तीन लिहिले, एकदा दोनसुद्धा लिहिले, पापणी न हलवता. फक्त एकदा आठ लिहिले होते, तेही तेवढ्याच जाडीचे.

"आठ नंबरला नऊ द्या," टायरवाला म्हणाला. "दोन गोल त्याच्या पासवर झालेत."

"पास कसले? घाईत पाय लागला त्याचा."

"तुझा लागतो का कधी, कामाला?"

फोरमन म्हणाला, "मला विचाराल तर बचाव. दुसऱ्या हाफमध्ये भिंत होती भिंत."

"भिंत!" वेल्डरने हातमोजे काखेत मारले. पेंटरबरोबरच तो डेपोत लागला होता, वीस वर्षांपूर्वी. "पहिल्या अर्ध्या तासात दोन खाल्ले तेव्हा भिंत काय चुना लावायला गेली होती? तीच माणसं, तोच कोच, तेच बूट. मग बदललं काय? एकच गोष्ट सांगा मला, बदललं काय?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. एकतिसाव्या मिनिटाला पेंटरचा मुलगा चेंडूवर धावून आला, आपल्याच बचावपटूवर आदळला आणि उजवा गुडघा धरून खाली पडला. त्याला स्ट्रेचरवरून नेले. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा एक नवखा उतरला. त्याने पेनल्टी अडवली, आणि तिथून सामना फिरला.

"सुंठीवाचून खोकला गेला," वेल्डर म्हणाला.

दोघे-तिघे हसले. टायरवाल्याने जीभ चावली. "पेंटरकाका आहेत इथं."

"असू दे की. पेंटरला काय नवीन आहे? पोरगा हाताला लोणी लावून उतरतो, हे ह्याच फळ्यावर ह्यानंच लिहिलंय सहा वर्षं. आणि काल तिसऱ्या गोलला माझ्या गळ्यात कोण पडलं होतं? सांग ना रे, पेंटर."

पेंटर खडूचे टोक फळ्याच्या कडेवर घासत राहिला.

ते खरे होते. स्ट्रेचर बाहेर गेले तेव्हा त्याची बायको पायऱ्या उतरून रुग्णवाहिकेत चढली होती. "तू हो पुढं, मी आलोच पाठोपाठ," असे तो म्हणाला होता. तो निघालाही होता. जिन्यापर्यंत गेला आणि आपला पहिला गोल झाला. गर्दी जिन्यात लोटली, वाट अडली, असे त्याने स्वतःला सांगितले. दुसऱ्या गोलला वाट मोकळी होती. तो दवाखान्यात साडेसहाला पोचला. मुलगा खाटेवर होता, गुडघा उशीवर ठेवलेला. त्याने एवढेच विचारले होते, "बाबा, घसा का बसलाय तुमचा?"

"तुझ्या नावानं ओरडत होतो," पेंटर म्हणाला होता.

फळ्यावर नव्या गोलरक्षकाला दहा मिळाले. फळ्याच्या इतिहासातले पहिले दहा. पेंटरने शून्य एका फटक्यात गोल काढले आणि शिट्या वाजल्या. मग फक्त एक नंबर, पेंटरचा मुलगा, उरला.

"तिथं कोरं ठेवा," फोरमन म्हणाला. "माणूस दवाखान्यात आहे."

"कोरं कसं? एकतीस मिनिटं खेळलाय," वेल्डर म्हणाला. "शून्य द्या म्हणत नाही मी. माझा तर वेगळाच प्रस्ताव आहे. कालची मॅच फिरवली कोणी? गुडघ्यानं. गुडघा वेळेवर वळला म्हणून आपण वाचलो. गुडघ्याला नऊ!"

आता सगळेच हसले. मागून कोणी ओरडले, "दहा द्या!"

"दहा नको. पहिल्या मिनिटाला वळायला पाहिजे होता. उशीर केला, एक गुण कापला."

हात वर होऊ लागले. अकरा झाले. फोरमनने पेंटरकडे पाहिले, मग बाकीच्यांकडे, आणि बारावा हात त्याचा होता.

सगळे पेंटरकडे बघत होते. तो 'नाही' म्हणाला असता तर कोणी जबरदस्ती केली नसती. वेल्डरनेही नसती केली. दोन दिवस तोंडे वाकडी झाली असती, एवढेच. पेंटरने खडू उचलला, फळ्यावरची जागा नजरेने मापली आणि वळून विचारले,

"उजवा लिहू, की नुसता गुडघा?"

वर्कशॉपचा पत्रा हादरेल असा हशा पिकला. टायरवाल्याने मोबाइल काढला. त्या फोटोत 'उजवा गुडघा – ९' ही अक्षरे स्वच्छ दिसतात, ओळीत, सारख्या अंतरावर. डाव्या बाजूला पेंटरचा अर्धा चेहरा आहे. तोही हसतो आहे.

आठ वाजता भोंगा झाला. साडेनऊपर्यंत तो फोटो संघाच्या चाहत्यांच्या प्रत्येक गटात गेला होता. कोणी लिहिले, 'बापालाच कळलं.' कोणी लिहिले, 'बाप असावा तर असा.' दहा वाजून पाच मिनिटांनी पेंटर बादलीवर आकडा काढत असताना बायकोचा फोन आला.

"अहो, हे तुमचं अक्षर आहे ना?"

पेंटरने ब्रश बादलीच्या कडेवर ठेवला.

"मी त्याला म्हटलं, नसेल. कुणीतरी नक्कल केली असेल. तर म्हणाला, आई, 'गु'चा उकार बघ."

"हसण्यावारी चाललं होतं गं. माझं मत नसतंच त्यात. तुला माहितेय."

"त्याला सांगा."

पेंटरने मुलाला लावलेला फोन एकदा वाजला आणि कापला गेला. दुसऱ्यांदा वाजलाच नाही.

पेंटर फोरमनकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेला. शस्त्रक्रिया दोन वाजता होती. आतला बंध तुटला होता आणि मुलगा पुन्हा खेळेल की नाही, हे गुडघा उघडल्याशिवाय सांगता येणार नव्हते. फोरमनने सही केली. "पुसून टाकू का ते?" त्याने विचारले. "नियम मोडेल, पण पुसतो मी."

"आता पुसून काय होणार?" पेंटर म्हणाला.

पेंटर दरवाजातून बाहेर पडताना वेल्डर हाक मारून म्हणाला, "पोराला सांग, आम्ही सगळ्यांनी विचारलंय म्हणून!" आणि तो ते मनापासून म्हणत होता.

पेंटर पावणेदोनला दवाखान्यात पोचला. बायको खोलीबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. मांडीवर मुलाचे घड्याळ आणि चपला ठेवलेली पिशवी. तो आत जायला लागला तशी ती उठली.

"नका जाऊ आत. नको म्हणालाय."

"दोन मिनिटं. ऑपरेशनच्या आधी."

"संमतीची सही मी केली," ती म्हणाली. "त्यानं कागद माझ्याकडे दिला. म्हणाला, आईची चालेल."

"आणखी काय म्हणाला?"

"विचारत होता, आम्ही निघाल्यावर तुम्ही किती वेळ होता मैदानावर."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी त्याच्याबरोबर होते."

दोन वाजता ढकलगाडी बाहेर आली. मुलाने डोळे मिटले होते. औषधाने मिटले की आपणहून, हे कळायला मार्ग नव्हता. पेंटर भिंतीला लागून उभा राहिला, गाडीला वाट करून दिली. गाडी ढकलणाऱ्याने पायाकडचा कागद वाचला, मुलाचा चेहरा पाहिला आणि खुशीत म्हणाला, "अरे, हे तर आपले कीपर! जिंकलो की हो काल!"

चार वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. बंध जोडला आहे, म्हणाले. चालेल नीट. खेळण्याचे सहा महिन्यांनी बघू, आत्ता विचारू नका. शुद्धीवर येतो आहे, एकाने आत जायला हरकत नाही.

दोघेही उभे राहिले होते.

"तू बस," पेंटर म्हणाला. "मी जाऊन येतो. मी सांगतो त्याला सगळं."

"सगळं म्हणजे काय सांगणार?"

त्याने तोंड उघडले. घसा अजून बसलेलाच होता.

"मी आधी त्याला विचारते," ती म्हणाली. "हो म्हणाला तर तुम्हाला बोलावते."

पाचला दहा मिनिटे कमी असताना ती आत गेली. साडेपाचला परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन आत गेली आणि रिकामा घेऊन बाहेर आली. पेंटरने तिला विचारले, शुद्धीवर आला का. "केव्हाच," ती म्हणाली, "बोलतोय की आईशी." सहा वाजता भेटीची वेळ संपली. रखवालदार एकेका दारातून लोकांना बाहेर काढत आला आणि पेंटरपाशी थांबला. पेंटर म्हणाला, आत बायको आहे, ती बोलावणार आहे.

सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत ती बाहेर आलेली नव्हती.