देवीपाशी ठेवलेला वाकस

मी एक जुना वाकस आहे, मित्रांनो. वाकस ठाऊक नाही? कमाल आहे! लाकूड तासायचे सुताराचे हत्यार ते. दिसायला वाकडा, बोलायला त्याहून वाकडा.

मालवणच्या लोहाराने मला घडवले. महादू मेस्ताच्या बापाने माझ्या जिवावर होड्या बांधल्या, मग मी महादूच्या हाती आलो. पोराचा हात म्हणजे सोने! फणसाची फळी अशी तासायचा की वर रंधा मारायला नको.

पण बाप गेला आणि महादू धक्क्यामागच्या टोळक्यात गांजा ओढू लागला. मी पडवीत गंजत पडलो. शिमग्यात पोलिसांनी त्याला चिलमीसकट पकडले. एक रात्र कोठडीत गेली, कोर्टात दंड झाला. त्याची आई आनंदी रडून अर्धी झाली.

तिने त्याला धामापूरच्या भगवतीसमोर उभे केले. मला देवीपाशी ठेवले आणि माझ्यावर हात ठेवून त्याने गांजा सोडायची शपथ घेतली. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "चुकला माकला पोटात घाल, पोराक सांभाळ गे माय!" नारळ फुटला. गावाच्या लेखी प्रकरण तिथेच मिटले. महादूने गांजाला पुन्हा हात लावला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

चीनची लढाई झाली आणि मुंबईला आरमाराच्या गोदीत सुतार हवे झाले. महादू चाचणी देऊन आला. तिथल्या साहेबाने माझी धार पाहून "वा!" म्हटले. मी हुरळलोच. होड्या तासणारा मी, आता युद्धनौकांवर जाणार! पण तिथे आत घेण्याआधी माणसाचे मागचे वागणे तपासतात. त्या चौकशीला एक अधिकारी गावी यायचा होता.

आदल्या दिवशी आनंदीने बजावले, "देवीन पोटात घातल्यान, ता परत उकरून काढू नको हां. तिचो अपमान होतलो."

अधिकारी आला. महादू अंगणात मला धार लावत होता.

"कधी पोलिसांनी पकडलं होतं? काही नशापाणी?"

महादूने दाराकडे पाहिले. आई हात जोडून उभी होती.

"नाही साहेब."

अधिकाऱ्याने पुन्हा, अगदी सावकाश विचारले. पुन्हा तेच उत्तर. अरे, बोल ना! पण लोखंडाचे कोण ऐकतो?

महादू त्याला वाटेपर्यंत पोचवायला गेला. मी खांद्यावर होतो. अधिकारी थांबला.

"महादू, ठाण्यातून मला सगळं कळलं होतं. तू सुधारलास, हेही गावाने सांगितलं. खरं बोलला असतास तर मी तुझ्यासाठी शब्द टाकला असता. तोंडावर खोटं बोलणाऱ्याला आत कसा घेऊ?"

घरी आई वाट पाहत होती. "काय म्हणालो रे सायब?"

"जागे भरले गो आये."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला माळ्यावर टाकले. माझे काळीज तुटले, मित्रांनो.

कधी मला खाली काढलेत तर गंज दिसेल. वरून तेल फासून तो झाकू नका, आतून खातो. आधी घासा. मला दुखेल, पण पाते वाचेल.

आणि नोकरी खरी का हुकली हे आनंदीला सांगू नका, असे मी म्हणणार होतो. पण ती गेली. शेवटपर्यंत आल्यागेल्याला लेकाचे कौतुक सांगायची, "माझो झील माझ्या शब्दाभायर नाय." आणि महादू मान खाली घालून ऐकायचा.