ठमाबाईची गोळी

शिफ्ट सुटली की कामतघरला कासमभाईंच्या मेडिकलवर अशी झुंबड उडते, की काउंटरमागच्या माणसाला मान वर करायची सोय नाही. त्यात काउंटरवरच्या नूरैनच्या पाठीवर अब्बांचा, म्हणजे कासमभाईंचाच, डोळा. "बेटा, गिऱ्हाईक उभं आहे, चौकशा नंतर!" फार्मसी शिकली पोरगी, पण दुकानातलं कळतं फक्त अब्बांना, असा त्या घरातला कायदा.

त्या गर्दीत चिंतू आला. अंजूरचा, गोदामात हमाली करणारा. आई ठमाबाईची बीपीची गोळी न्यायला दर महिन्याला यायचा. रिकामं पाकीट दाखवायचं, नवं घ्यायचं. डॉक्टरची चिठ्ठी त्याने कधी दाखवली नाही, दुकानाने मागितली नाही.

"ताई, या बारीला दोन द्या."

"दोन कशाला रे?"

"चंद्रालापन बीपी निंगाला. आईला हीच मानवली ना!"

"दीदी, जल्दी करो ना!" मागून कुणीतरी खेकसलं. नूरैनने दोन पाकिटं पुढे सरकवली आणि चिंतू गेला.

पुढच्या बाईला रक्तवाढीच्या गोळ्या हव्या होत्या. त्या काढताना नूरैनचा हात थबकला. याच गोळ्या मागच्या खेपेला चिंतूने नेल्या होत्या. बायकोला, या चंद्रालाच, सातवा महिना लागला म्हणताना केवढा लाजला होता!

बाई गं, हे काय दिलं मी! ही गोळी पोटुशीला चालत नाही. बाळाच्या मूत्रपिंडाला बाधते, गर्भाभोवतीचं पाणी कमी होतं. परीक्षेत हे धडाधड लिहिलं होतं तिने, आणि आज गर्दीपुढे अक्कल गहाण टाकली.

"अब्बा, मी अंजूरला चाललेय."

"वेडी की काय? गर्दी बघ!"

"गर्दीच बघत बसले, म्हणून घोळ झाला."

चिंतूचा फोन नंबर? तो कुणी घेऊन ठेवलाय! रिक्षात बसली, तर पुढे कंटेनरची ही रांग. चंद्रा जेवली असेल का? जेवल्यावर घेतली असेल का? या अल्ला, जेवली नसू दे.

"भैया, साइडसे निकालो ना!"

"उडाऊँ क्या, मॅडम?"

अंजूरला ठमाबाईचं घर विचारत ती पोचली, तेव्हा चंद्रा ओट्यावर तांदूळ निवडत होती. चिंतू अजून यायचा होता, बसमध्ये अडकला असणार. नूरैनचा जीव भांड्यात पडला.

"चंद्रा, चिंतू गोळ्या आणतोय ना, त्या घेऊ नकोस. बाळाला वाईट. तुला बीपीचं औषध हवंच, पण दुसरं, डॉक्टरने दिलेलं."

चंद्राने मान वळवून दारातल्या सासूकडे बघितलं.

ठमाबाई दारातून पुढे आली. "मंग मी देतंय ती?"

"कोणती, मावशी?"

"माज्या वाटनीची. तिचा डोका दुखं, पाय सुजलं. नर्सबाय बोलली बीपी हाय, मोठ्या दवाखान्यात न्या. चिंतूला रजा न्हाय. म्हनून मी माजी गोली तिला देतंय रोज. मी म्हातारी, मला न्हाय खाल्ली तरी चालंल."

डोकं दुखतंय, पाय सुजलेत, आणि वर ही गोळी! रिक्षावाल्याला नूरैनने थांबवूनच ठेवलं होतं. तांदळाचं सूप बाजूला सारून तिने चंद्राचा हात धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. चिंतूला फोन लाव, परस्पर तिकडेच ये म्हणावं. मावशी, तुम्हीपण चला, तुमचंही बीपी बघायला हवं."

रिक्षा पुन्हा कंटेनरच्या मागे अडकली. ठमाबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने हळूच विचारलं, "ताई, गोली चांगली होती ना? तुमच्याच दुकानातली हाय."

नूरैन चंद्राकडे वळली. "चंद्रा," ती म्हणाली, "आज बाळ हललं का गं?"

चंद्राने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"काल हललेला," ती म्हणाली, आणि हात तसेच ठेवून बसली.